त्यांना त्रास नको म्हणून

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या टावर चौकात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती एक फेरी मारली तरी नोकरी देणाऱ्यांचे सगळे नमुने भेटतात. साड्यांची आणि मोबाइलची दुकानं, पॅथॉलॉजी, दवाखाने, कोचिंगचे वर्ग, बँकांच्या शाखा, संध्याकाळी लागणाऱ्या खाण्याच्या गाड्या. २०२२मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ हा परिसर खुला झाला, २०२८चा सिंहस्थ मेळा तोंडावर आला. हॉटेलं वाढली, तशा ‘स्टाफ चाहिए’च्या पाट्याही वाढल्या. यातल्या कुठल्याही मालकाला विचारावं, की तुमच्याकडे अपंगांशी भेदभाव होतो का? उत्तर बहुधा एकच येतं : ‘हमारे यहाँ तो ऐसा कोई है ही नहीं.’ विचारलं होतं वागणुकीबद्दल, उत्तर मिळालं हजेरीबद्दल. आणि कोणीच का नाही, हा पुढचा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही.

ही पुस्तिका त्या पुढच्या प्रश्नासाठी आहे. ती मराठीत लिहिली, कारण पुण्या-नाशिकपासून इंदूर-उज्जैनपर्यंत मराठी माणसं दुकानं, शाळा, दवाखाने, पतसंस्था, छोटे कारखाने चालवतात, आणि कायद्याशी त्यांची पहिली ओळख होते ती वकिलाच्या इंग्रजी नोटिशीतून. नोटीस येण्याआधी ओळख व्हावी, एवढीच इच्छा. उदाहरणं बरीचशी उज्जैनची आहेत, कारण मी इथे राहतो. चौकाचं नाव बदललं की ती कोल्हापूरलाही चालतील.

या विषयावर मालकांचं प्रशिक्षण घ्यायचं तर त्यात पहिला तास कलमांचा ठेवू नये, असं माझं मत आहे. पहिला तास वाक्यांचा ठेवावा. ‘जिने आहेत हो, त्यांना कशाला त्रास.’ ‘सणासुदीला धक्काबुक्की होते, बघून आपल्यालाच कसंतरी होतं.’ ‘घरबसल्या काहीतरी करा म्हणावं, शिवणकाम वगैरे.’ ‘गिऱ्हाईक काय म्हणेल?’ शेवटचं वाक्य सोडलं तर कशातच तिरस्कार नाही. असलीच तर काळजी आहे. अवघड आहे ते इथेच. जात बघून कोणाला परत पाठवणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे निदान आतून ठाऊक असतं. अपंग उमेदवाराला परत पाठवणारा मालक रात्री समाधानानं झोपतो. त्याच्या लेखी त्यानं एका बिचाऱ्याचा त्रास वाचवलेला असतो. नोकरीतला हा भेदभाव बहुतेक वेळा मायेच्या आवाजात बोलतो. तो आवाज स्वतःच्या तोंडून निघाला तरी ओळखू यावा, हे या प्रशिक्षणाचं खरं काम. बाकीचं वाचूनही कळतं.

पण दोष एकट्या दुकानदाराला देऊन भागणार नाही. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेचे भरतीचे नियम १९९४चे. त्यांतला ‘६ अ’ हा नियम अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून सरळ वगळत होता. उमेदवाराला कायदा किती येतो, निकाल कसा लिहिता येतो, हे पाहण्याआधीच दार बंद. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं, आणि ३ मार्च २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठानं तो नियम रद्द केला. केवळ अपंगत्वामुळे कोणालाही न्यायिक सेवेच्या भरतीतून दूर ठेवता येणार नाही, असा निकालाचा आशय. आता जरा विचार करा. हा नियम लिहिणारे लोक दुष्ट नव्हते. डोळ्यांनी दिसत नसेल तर कागदपत्रं कशी पाहणार, साक्षीदाराचा चेहरा कसा वाचणार, अशीच काही शंका त्यांच्या मनात असणार. ती शंका त्यांनी एखाद्या अंध वकिलाला विचारली असती तर उत्तर मिळालं असतं. न विचारता तिचा नियम करून टाकला.

मराठी वाचकाला प्रांजल पाटील यांचं नाव परिचयाचं आहे. उल्हासनगरच्या या मुलीची दृष्टी लहानपणी गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३वा क्रमांक मिळाल्यावर त्यांच्या वाट्याला रेल्वेची लेखा सेवा आली. पूर्ण अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेनं त्यांना घेतलं नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४वा क्रमांक आला, त्या आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. शाळेच्या संमेलनात तशी ती शोभतेही. मालकांच्या वर्गात मात्र ती उलट्या बाजूनं सांगायला हवी : लेखा विभागात बसून हिशेब तपासण्याच्या कामाला नालायक ठरवलेली व्यक्ती पुढे महसुली कारभार सांभाळते, तेव्हा नापास कोण झालं? आणि ज्यांना दुसऱ्यांदा १२४वा क्रमांक आणता आला नाही, त्यांचं काय?

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. त्यात ॲसिड हल्ल्यात भाजलेले आहेत, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे. यातले कित्येक प्रकार बाहेरून दिसत नाहीत. म्हणजे ‘आमच्याकडे कोणी नाही’ म्हणणाऱ्या दुकानात एखादा असूही शकतो, बोलत नसेल इतकंच.

सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाबद्दल सगळ्यांना माहीत असतं. खाजगी मालक तेवढंच ऐकून निश्चिंत होतो : आरक्षण सरकारला, आपण मोकळे. खाजगी आस्थापनेला आरक्षण नाही हे खरं. कलम ३५ तिथे पाच टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवून सरकारनं प्रोत्साहन द्यावं म्हणतं, सक्ती नाही. नोकरीतल्या भेदभावाचं खास कलम, विसावं, तेही मुख्यतः सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. कायद्याचा हा कच्चा दुवा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण कलम ३ मधली भेदभावाची मनाई सर्वांना आहे, आणि भेदभाव म्हणजे काय हे कलम २ सांगतं. त्या व्याख्येच्या शेवटी चार शब्दांचं शेपूट आहे : वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. माझ्या दृष्टीनं सबंध कायद्याचा जीव त्या शेपटात आहे. मालकानं शिवी दिली नाही, हाकललं नाही, पगार कापला नाही. कॅशवर बसणाऱ्या मुलीनं पाठीच्या दुखण्यासाठी उंच खुर्ची मागितली आणि त्यानं ‘सगळ्या उभ्या असतात, तुलाच काय वेगळं’ म्हटलं. झाला भेदभाव.

वाजवी म्हणजे किती? मालकावर त्या विशिष्ट परिस्थितीत अवाजवी बोजा पडू नये, इतकी. पाच माणसांचं दुकान आणि पाचशे माणसांचा कारखाना यांना एकच माप नाही. दुकानदार लगेच लिफ्टचा खर्च काढून दाखवतो. प्रत्यक्षात मागणी लिफ्टची क्वचितच असते. अमेरिकेत जॉब अकोमोडेशन नेटवर्क नावाची संस्था मालकांना याच विषयावर सल्ला देते. तिच्या पाहण्यांत वर्षानुवर्षं सुमारे निम्मे मालक सांगत आले आहेत, की अशा सोयीसाठी त्यांना काहीच खर्च आला नाही. आपल्याकडेही काय लागतं पाहा : डायलिसिसच्या दिवशी पाळी बदलून देणं, बहिऱ्या कारागिराला सूचना फोनवरून सांगण्याऐवजी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवणं, माळ्यावरचा माल खालच्या फळीवर ठेवणं. अंध माणसाला संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. आणि जिथे खर्च येतो तिथे तो कर्मचाऱ्याच्या पगारातून वळता करायचा नाही. केंद्राच्या २०१७च्या नियमांतला तिसरा नियम हे स्पष्ट सांगतो. राज्यांचे आपापले नियम आहेत, तेही जोडीला पाहावेत.

एक अडथळा टक्क्यांचा. ‘सर्टिफिकेट कितीचं आहे?’ हा मालकाचा पहिला प्रश्न असतो. चाळीस टक्क्यांची रेघ आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. भेदभाव न होण्याचा हक्क आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या रेघेवर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. प्रमाणपत्राच्या चौकटीत बसत नाही म्हणून लोकसेवा आयोग त्यांना लेखनिक देत नव्हता. हात चालत नाही हे दिसत असूनही प्रश्न टक्क्यांचा होतो, ही आपली जुनी खोड आहे, आणि तिला वंशावळ आहे.

कारखान्यातला मालक अपंगत्वाला प्रथम भेटला तो भरपाईच्या कोष्टकात. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवांचे दर लावलेले होते : एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर कमाईची क्षमता ४० टक्क्यांनी घटली, दोन्ही गेले तर शंभर. एकेकाळच्या गिरण्यांच्या उज्जैनला, विनोद मिलच्या आणि हिरा मिलच्या कामगारांना, अपघात झाला तर कायदा दाखवत होता तो हाच. भरपाई मिळणं गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या कोष्टकाचा अर्थ असा, की दृष्टी गेलेल्या माणसाची कमाईची क्षमता कायद्याच्या हिशेबात शून्य. त्याला पैसे देऊन घरी पाठवायचं, दुसरं काम द्यायचं नाही.

राज्यघटनाही या बाबतीत अर्ध्यावर थांबली. टावर चौकात डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे, १४ एप्रिलला तिथे गर्दी लोटते. घटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभावाला मनाई आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. ते येतं कलम ४१ मध्ये, म्हातारपण आणि आजारपण यांच्या रांगेत, सरकारी मदतीचा विषय म्हणून. समतेच्या पानावरून मदतीच्या पानावर ढकललेल्या या विषयाला पहिला स्वतंत्र कायदा मिळायला १९९५ उजाडलं. तोही सहज मिळाला नाही. अपंग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी डिसेंबरच्या थंडीत दिल्लीत रस्त्यावर उतरले, त्यानंतर काही दिवसांत संसदेनं विधेयक मंजूर केलं. त्याच वर्षी ब्रिटनचाही अपंगत्व भेदभावविरोधी कायदा झाला, अमेरिकेचा १९९०मध्ये झाला होता. भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला २००७मध्ये मान्यता दिली आणि २०१६चा कायदा त्या कराराला धरून आला.

मग शिकवायचं कोणी? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, म्हणून त्या विषयाचे वर्ग निदान मोठ्या कंपन्यांत होतात. २०१६च्या कायद्यातल्या कलम ३९नं मालक, प्रशासक आणि सहकारी कर्मचारी यांना जागं करण्याचं काम सरकारकडे सोपवलं. मालकावर स्वतः शिकण्याची तशी सक्ती नाही. परिणाम काय व्हायचा तो झाला : ३ डिसेंबरला, जागतिक दिनाला, भाषणं होतात आणि तिनचाक्या वाटल्या जातात. मालकाच्या टेबलापर्यंत काही पोचत नाही. त्या यादीतले ‘सहकारी’ तर सगळेच विसरतात. खरं तर सोय मिळाली तरी ‘याचे लाड चाललेत’ म्हणणारे सहकारीच नोकरी नकोशी करतात, म्हणून वर्गात सुपरवायझर आणि जुने नोकर दोघंही बसलेले हवेत.

वर्गात काय करावं, याचा एक नमुना देतो. फ्रीगंजात सहज दिसेल अशी एक जाहिरात घ्या : ‘पाहिजे : बिलिंगसाठी मुलगा किंवा मुलगी. स्मार्ट, चपळ, फोनवर बोलण्यात तरबेज. टू-व्हीलर लायसन्स आवश्यक.’ आता एकेक शब्द घेऊन मालकालाच विचारा, हा कशासाठी? बिलिंगला संगणक यायला हवा, मालाची नावं ठाऊक हवीत, गर्दीत डोकं शांत हवं. यातलं एकही जाहिरातीत नाही. लायसन्स का? आठवड्यातून एकदा बँकेत पैसे भरायला जावं लागतं. त्या एका खेपेपायी कमी दिसणारे, फिट येणारे, पाय अधू असलेले असे सगळे पहिल्या ओळीतच गळाले, आणि ती खेप तर दुकानातला दुसरा पोऱ्याही करू शकतो. फोन का? ऑर्डर येतात म्हणून. पण निम्म्या ऑर्डर आता मेसेजवरच येतात. चपळ का? इथे मालक थांबतो, मग हसतो. ‘स्मार्ट’ शब्दावर मात्र तो हसत नाही, कारण त्याचा अर्थ त्याला नेमका माहीत असतो : चेहऱ्यावर डाग नको, व्यंग नको. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलीला हा एक शब्द बाहेर ठेवतो. अशी एक जाहिरात दुरुस्त करताना मालक जे शिकतो ते कलमांची यादी पाठ करून शिकत नाही.

मुलाखतीचंही तसंच. ‘हे कधीपासून?’, ‘लग्न झालंय का?’, ‘घरून सोडायला कोण येणार?’ असे प्रश्न विचारायचे आणि कामाचं काहीच विचारायचं नाही, ही आपल्याकडची रीत. विचारायचं ते एवढंच : हे काम आहे, हे करायला तुम्हाला काय लागेल? समोरचा माणूस त्याचं शरीर आयुष्यभर वागवत आलेला असतो. उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काय, हा भाग पुस्तिकेत मी मुद्दाम लांबवला आहे. साखर, अपघात, पक्षाघात यांना कुठलंही दुकान वर्ज्य नाही, आणि वीस वर्षं राबलेल्या माणसाला ‘आता आराम करा’ म्हणून घरी पाठवताना मालकाच्या डोळ्यांत पाणीही असतं. सरकारी आस्थापनेत हे बेकायदा आहे : त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, दुसरं समान वेतनाचं काम द्यावं लागतं, तसं काम नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. पाय कापावा लागलेल्या कुणाल सिंह या जवानाच्या खटल्यात २००३मध्ये जुन्या कायद्याखाली हेच ठरलं. डिसेंबर २०२१मध्ये रविंदर धारीवाल या सीआरपीएफ अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. मानसिक आजारातून घडलेल्या वागणुकीबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असं त्यानं म्हटलं. खाजगी मालकावर विसावं कलम थेट येत नसलं, तरी मेमो काढण्याआधी त्यानं हा निकाल वाचावा. उशिरा येणं, चिडणं, हिशेबात घोळ करणं यामागे कधीकधी औषधांची गुंगी असते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, तपशील आत आहेत. प्रत्येक आस्थापनेनं, मग ती खाजगी असो, समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. संकेतस्थळ नसेल तर दर्शनी भागात लावायचं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर धोरण सविस्तर हवं आणि एक संपर्क अधिकारी हवा. धोरणाची प्रत दिव्यांग व्यक्तींसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायची. नेटवरून उतरवलेल्या, आत भलत्याच कंपनीचं नाव तसंच राहिलेल्या धोरणांनी फायली भरलेल्या मी पाहिल्या आहेत. असलं धोरण नसलेलं बरं, कारण ते वादात मालकावरच उलटतं. तक्रार राज्य आयुक्तांकडे जाते. ते शिफारस करतात, आणि त्यावर काय केलं हे तीन महिन्यांत कळवावं लागतं. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख. मालकांना घाबरवण्यासाठी हे आकडे फार उपयोगी पडत नाहीत, आणि दंडाच्या भीतीनं नेमलेल्या माणसाला कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवून ठेवतात, हेही पाहिलेलं आहे.

राहता राहिली शिकवणाऱ्याची गोष्ट. हे वर्ग अपंग व्यक्तींनी घ्यावेत, निदान त्यांच्या बरोबरीनं घेतले जावेत, याबद्दल मी हट्टी आहे. इथे आयोजक एक घोळ हमखास घालतात. वकिलाला आणि सल्लागाराला मानधन ठरवून बोलावतात. अपंग वक्त्याला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावतात, शाल आणि श्रीफळ देतात, टाळ्या वाजवतात. नोकरीतल्या भेदभावाचा वर्ग, आणि त्यातच एकाच्या कामाला पैसे नि दुसऱ्याच्या कामाला नारळ. सभागृहही बहुधा पहिल्या मजल्यावरचं, स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं, नि मग चार जणांनी वक्त्याला खुर्चीसकट उचलून न्यायचं. तळमजल्यावरची जागा घ्या. शाळेचा वर्ग चालेल. सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार का, ते आधी विचारा आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा. वक्त्याच्या मानधनाचा आकडा निमंत्रणाच्या पत्रातच लिहा, टीडीएस कापणार असाल तर तेही लिहा.